आधी रस्ता, मग मोकळी जागा, सगळ्यात शेवटी प्लॉट

वाचकांचे प्रश्न : नवी वसाहत, नगररचना आणि परवानग्या

या महिन्याच्या टपालात नव्या वसाहतींबद्दलची पत्रे सर्वांत जास्त आली. कुणी प्लॉट घेऊ पाहतंय, कुणाची जमीन योजनेत जातेय, कुणी मित्रमंडळींना घेऊन अख्खी वसाहतच उभी करायच्या बेतात आहे. नगररचना विभागात असताना टेबलापलीकडून हेच प्रश्न यायचे, पण बहुतेकदा पैसे देऊन झाल्यावर यायचे. म्हणून या वेळी थोडीच पत्रे घेतली आहेत आणि सविस्तर लिहिते आहे. कलमांचे आकडे मुद्दाम दिलेत. अर्जात कलम लिहिलेले असले की समोरच्याला तो अर्ज सहज बाजूला सारता येत नाही.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो. मिळालेल्या पैशांतून तालुक्याच्या गावाबाहेर दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यावा असा विचार आहे. जाहिरातीत ‘कलेक्टर एनए होणार, गावठाणाला लागून, तीस फुटी रस्ते, बगीचा’ असे छापले आहे. एजंटने रंगीत नकाशा, सातबारा आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला दाखवला. सातबाऱ्यावर इतर खरेदीदारांबरोबर माझेही नाव लागेल म्हणतो. निम्मे पैसे आता, निम्मे एनए (बिनशेती) झाल्यावर. घ्यावा का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : या कागदांवर घेऊ नका. आयुष्यभराची पुंजी आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

तुम्हाला दाखवलेला रंगीत नकाशा विकणाऱ्याने छापून घेतलेला आहे. मंजूर नकाशा वेगळा दिसतो. त्यावर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का, आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते, वास्तुविशारदाची सही असते आणि कडेला क्षेत्राचा तक्ता असतो. एकूण जमीन किती, रस्त्याखाली किती, मोकळी जागा किती, प्लॉटखाली किती, हे सगळे त्या तक्त्यात चौरस मीटरमध्ये मांडलेले असते. नकाशा हातात आला की माणूस पहिल्यांदा आपल्या प्लॉटचा नंबर शोधतो. तुम्ही उलटे करा. आधी तो तक्ता वाचा. मग जमिनीला येणारा रस्ता कुठून निघतो ते पाहा, मग मोकळी जागा कुठे टाकली आहे ते पाहा. प्लॉट शेवटी. प्लॉटला चार बाजू असतात आणि त्या विकणाऱ्यालाही सांभाळायच्या असतात. रस्ता आणि बगीचा कुणा एकाच्या नावावर नसतो, त्यामुळे कात्री नेहमी तिथे चालते.

आता मंजुरीचा क्रम. जमीन आधी रहिवास विभागात हवी, म्हणजे नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढायचा. मग रेखांकन, ज्याला सगळे लेआउट म्हणतात, ते दाखल होते आणि त्याला तात्पुरती मंजुरी मिळते. तात्पुरत्या मंजुरीनंतर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन जागेवर रस्ते आणि प्लॉट आखले जातात. कागदावरचा नकाशा आणि जागेवरची आखणी जुळली की अंतिम मंजुरी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (बदललेल्या क्षेत्राची नोंद), आकारफोड (प्लॉटवार क्षेत्र आणि आकारणीची फोड), आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा. तुमचे नाव अशा स्वतंत्र सातबाऱ्यावर लागणार असेल तर पुढचे बोलणे करण्यात अर्थ आहे. वीस-पंचवीस जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले तर तुम्हाला जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो, चतुःसीमा मिळत नाही. कुंपण घालायला गेलात की शेजारी विचारेल, ही जागा तुमची कशावरून? आणि कायद्याने त्याला उत्तर देणे तुम्हाला कठीण जाईल.

‘गावठाणाला लागून’ हे शब्दही नीट तपासा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, रूपांतरण कर वगैरे भरल्यावर, बिनशेती झाली असे मानले जाते. सवलत खरी आहे. पण ती जमिनीच्या वापरापुरती आहे. त्या जमिनीचे तुकडे कसे पाडायचे, रस्ता किती ठेवायचा, ही मंजुरी वेगळी आणि ती घ्यावीच लागते. तुकडेबंदी कायद्यात अलीकडे दिलेल्या सवलतींबद्दलही एजंट हेच घोळ घालतात. तुकड्याची खरेदी नोंदवली गेली म्हणजे लेआउट मंजूर झाला असे नाही.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. गावठाणाबाहेर लेआउट मंजूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. नमुना ८ वर घर लागले तरी त्यातून कर आकारणी सिद्ध होते, मालकी किंवा परवानगी नाही.

शेवटचे म्हणजे महारेरा, घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर विक्रीआधी, जाहिरातीआधी नोंदणी लागते. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. नोंदणी असली की खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे विकणाऱ्यावर बंधनकारक असते. ‘एनए होणार’ म्हणून आज पैसे मागणाऱ्याकडे हा क्रमांक मागा. तो नसेल तर एक रुपयाही देऊ नका, मग साठेखत नोटरी करून देतो म्हणाला तरी.

प्रश्न : आम्ही २४ शिक्षक मिळून गावाबाहेर तीन एकर जमीन घेत आहोत. १२० गुंठे भागिले २४, म्हणजे प्रत्येकाला पाच गुंठे. मध्ये एक हॉल आणि वाचनालय असावे अशी सर्वांची इच्छा आहे. नियमानुसार काय काय करावे लागेल?
— शिक्षक मित्रमंडळ, संगमनेर परिसर

उत्तर : गुरुजी, तुमचे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. घरे बांधायच्या आधी वाचनालयाचा विचार करणारे गट मी फार कमी पाहिले. पण पाच गुंठ्यांचा हिशेब आजच बदला, नाहीतर २४ जणांत पहिली कुरबूर इथूनच सुरू होईल.

तीन एकर म्हणजे साधारण १२,१४० चौरस मीटर. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर लागू आहे. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टरवरच्या जमिनीत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यामुळे एक एकराचा लेआउटसुद्धा या नियमात बसतो. तुमच्या जमिनीतून १,२१४ चौरस मीटर इथे गेले. आतले रस्ते : १५० मीटर लांबीपर्यंतचा रस्ता किमान ९ मीटर रुंद, त्याहून लांब असेल तर १२ मीटर, ३०० मीटरच्या पुढे १५ मीटर. जमिनीचा आकार चांगला चौकोनी असेल तरी रस्त्यांखाली चौथाई क्षेत्र जाते असा माझा अनुभव आहे. म्हणजे आणखी तीन हजार चौरस मीटर. उरले साधारण ७,९००. त्याचे २४ भाग केले तर प्रत्येकी ३३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठे. विकास योजनेचा किंवा प्रादेशिक योजनेचा एखादा रस्ता जमिनीवरून जात असेल तर तेवढी आणखी घट. सुविधा क्षेत्र म्हणून वेगळी जागा सोडावी लागेल का, हे तुमची जमीन कोणत्या प्राधिकरणाखाली आणि कोणत्या योजनेत येते त्यावर ठरते, ते झोन दाखला काढतानाच लेखी विचारून घ्या.

सव्वातीन गुंठे कमी वाटतील. पण त्या जागेत ऐसपैस घर, अंगण, दोन झाडे आणि गाडी नीट मावते. आणि समोर ९ मीटरचा रस्ता असला की आगीचा बंब, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर दारापर्यंत येतो. रस्ता सहा मीटरचा करून पाव गुंठा वाचवू, असे कुणीतरी बैठकीत नक्की म्हणेल. त्याला तिथेच थांबवा.

व्यवहार करण्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली, खरेदीदार कोण? महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. योजनेत जमीन रहिवासासाठी दाखवलेली असेल तर यात सूट आहे, पण अटींसह. तुमच्या २४ जणांत काहींच्या नावे सातबारा असेल, काहींच्या नसेल. म्हणून ‘शेतकरी असलेल्या दोघांच्या नावे घेऊ, नंतर वाटून घेऊ’ हा मार्ग मोहाचा वाटतो. तो धरू नका. त्या दोघांपैकी एखाद्याचे बरेवाईट झाले की वारसांशी सगळे नव्याने बोलावे लागते. प्रस्तावित गृहनिर्माण संस्थेच्या नावाने आणि आवश्यक ती परवानगी घेऊनच जा.

दुसरी, जमीन वर्ग १ आहे की वर्ग २ (म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली)? इनाम, वतन, पुनर्वसनात मिळालेली जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. जुने फेरफार एक-एक करून वाचा. शिक्षक आहात, वाचनाचा कंटाळा तुम्हाला नसणार.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी, रस्ता. पत्रात तुम्ही ‘शेतातून जाणारा रस्ता आहे’ एवढेच लिहिले आहे. तो गाव नकाशावरचा शिव रस्ता आहे, पाणंद आहे, की शेजाऱ्याच्या बांधावरची वहिवाट? जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांनी दिलेला बांधावरचा रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी असतो. बैलगाडी, ट्रॅक्टर जाण्यासाठीच्या त्या हक्कावर २४ घरांची वसाहत उभी राहू शकत नाही. लेआउटला पुरेशा रुंदीचा, कायदेशीर हक्काचा पोहोचरस्ता लागतो. नसेल तर शेजाऱ्याकडून पट्टा खरेदी करा आणि तो मूळ जमिनीच्या खरेदीबरोबरच करा. एकदा तुमची जमीन अडकली की त्या पट्ट्याचा भाव शेजारी ठरवतो.

हॉल आणि वाचनालयासाठी मोकळ्या जागेत नियमानुसार मर्यादित बांधकाम करता येते, पण तो हॉल भाड्याने देण्याचे ठरले तर हेतू बदलतो. त्यासाठी वेगळा प्लॉटच ठेवलात तर उत्तम. अर्ज परिपूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा असे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ४५ सांगते. मुदत उलटली तर परवानगी मिळाली असे मानतात, पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. त्या भरवशावर खोदाई सुरू करू नका.

प्रश्न : सांगलीजवळ घेतलेला प्लॉट ‘निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये’ येतो असे आता कळले. घर बांधता येईल का?
— एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळू शकते. म्हणजे नियमाने दार बंद नाही.

पण ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठवर आले ते तुमच्या शेजाऱ्यांनी पाहिले आहे. त्यांना भिंतीवरची खूण दाखवायला सांगा. जोते वर घेतले तरी रस्ता खालीच राहतो, विजेचे खांब खालीच राहतात आणि आजारी माणसाला बोटीतूनच न्यावे लागते. घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील तर माझा सल्ला आहे, तिथे राहते घर बांधू नका. लेआउटमधून ओढा वळवला आहे का, हेही जुन्या गाव नकाशावर पाहून घ्या. वळवलेला ओढा मोठ्या पावसात जुनीच वाट धरतो.

प्रश्न : आमचा लेआउट १९९४ चा मंजूर आहे. मूळ मालक वारले. त्यांच्या मुलाने आता मोकळ्या जागेचे चार प्लॉट पाडून विकायला काढले आहेत. सातबाऱ्यावर त्या जागेला अजून त्यांचेच नाव आहे, त्यामुळे ‘जागा माझी, तुमचा संबंध काय’ असे तो म्हणतो. त्याचे खरे आहे का?
— प्लॉटधारक, नाशिक

उत्तर : नाही. ती जागा सोडली म्हणूनच उरलेले प्लॉट विकायची परवानगी त्याच्या वडिलांना मिळाली. तुम्ही प्लॉटचे जे पैसे मोजले त्यात समोरच्या मैदानाची किंमत धरलेली होती. दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात (पंडित चेतराम वशिष्ठ यांचे प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की लेआउटमध्ये उद्यान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेल्या जागेचा मालक नावाने मालक राहिला तरी तो विश्वस्तासारखा असतो. ती जागा त्याला हवी तशी वापरता येत नाही. तुमच्या वकिलांना हा निकाल दाखवा.

पण केवळ हक्क असून भागत नाही, हालचाल लवकर हवी. दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवून घेताना लेआउट उघडून बघत बसत नाही. एकदा चार निरपराध कुटुंबांनी पैसे भरून खरेदी केली की भांडण तुमचे आणि मालकाचे न राहता तुमचे आणि त्यांचे होते, आणि ते फार वाईट. म्हणून या आठवड्यात एवढे करा : महापालिकेच्या नगररचना विभागातून १९९४ चा आदेश आणि मंजूर नकाशा यांच्या प्रमाणित प्रती घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आदेशाच्या अटी वाचा. त्या काळच्या अनेक आदेशांत मोकळी जागा नाममात्र एक रुपयात स्थानिक संस्थेकडे सोपवण्याची अट असायची आणि अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. तशी अट असेल तर ताबा घेण्याची मागणी महापालिकेकडे करा. सुधारित लेआउट मंजूर करू नये, अशी लेखी हरकत आजच नोंदवा. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि जागेवर फलक लावा, म्हणजे नवा खरेदीदार सावध होईल. बांधकाम सुरू झालेच तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस काढण्याची मागणी करा आणि दिवाणी न्यायालयात मनाई मागा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘मंजूर रेखांकनातील मोकळी जागा’ अशी नोंद घालून घेण्याचा अर्जही तलाठ्याकडे द्या.

आणखी एक. तीस वर्षे त्या मैदानात कुणी झाड लावले नसेल, कुंपण घातले नसेल, तर ते उद्याच सुरू करा. वापरात असलेल्या जागेवर हात टाकताना माणूस विचार करतो.

प्रश्न : आमचे गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवले. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. रस्ते इतके रुंद आहेत की अर्धी जागा पडीक वाटते. मिळालेली घरे लहान पडतात म्हणून लोकांनी पुढे पत्र्याची ओसरी काढली आहे, काहींची रस्त्यावर आली आहे. रस्ते एवढे रुंद का ठेवले? आणि ओसऱ्या नियमित करता येतील का?
— एक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. पुनर्वसनाच्या काळात मी लातूरला अगदी कनिष्ठ पदावर होते, तुमच्यासारख्या गावांचे नकाशे हाताने काढलेले आहेत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायच्या आत. लोक गाढ झोपेत होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद, हे सगळे अंगावर आले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंचे ढिगारे मधोमध भिडले आणि मदत आत जाईना. नव्या गावांच्या आखणीत रुंद, सरळ रस्ते आले त्यामागे ही भीती होती. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी हलवली. घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावर ७५०. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते त्यांना घरही सर्वांत लहान. तेव्हाही मला हे पटले नव्हते आणि आजही पटत नाही. तुमच्या पत्रातल्या ओसऱ्या त्या २५० फुटांतून आल्या आहेत, हौसेतून नव्हे.

रस्त्यांच्या बाबतीत लोकांची तक्रार बरोबर आहे. शहरातल्या चौकटीच्या आखणीसारखे गाव बसले, जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा व्यापली, आणि त्या प्रमाणात दिवे, गटारे, नळ यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडला. पारावर बसायची जागा हरवली. गल्लीत समोरासमोर बसून धान्य निवडणाऱ्या बायका आता रस्त्याच्या दोन टोकांना बसतात.

तरीही रस्त्याची जागा घराघराने खाऊ देऊ नका. ज्याच्या घरात हात चालतात तो पुढे सरकतो आणि ज्या विधवेकडे पत्र्यालाही पैसे नाहीत ती मागे राहते. रस्त्यावर आलेली ओसरी नियमित होत नाही. स्वतःच्या प्लॉटच्या आत, नियमाने सोडायचे अंतर सोडून, वाढीव खोली मात्र रीतसर परवानगीने बांधता येते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांना नव्या नियमावलीत कमी जोखमीची बांधकामे मानून प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. त्यासाठी गावात एक दिवस शिबिर घ्या, एकाच अभियंत्याकडून सगळ्यांचे नकाशे करून घ्या, खर्च खूप कमी येईल.

बांधताना एक गोष्ट प्रत्येक घरात जाऊन सांगा : दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा कुणीही तोडू नये. मोठा दरवाजा काढण्यासाठी लोक तो फोडतात. भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवणारी ती गोष्ट आहे. नवी खोली जोडताना तिलाही असाच पट्टा हवा.

रस्त्याच्या रुंदीचा विचार ग्रामसभेत करा. रुंदी नकाशावर तशीच ठेवून कडेचा पट्टा कडुनिंब, चिंच आणि दोन-तीन घरांमिळून एक कट्टा यांसाठी देता येतो, मात्र मध्ये गाडी जाण्याइतका रस्ता मोकळा हवा. जागा सगळ्यांची राहील आणि सावलीत बसायला लोक पुन्हा बाहेर येतील. आखणीच बदलायची असेल तर सुधारित रेखांकन मंजूर करून घ्यावे लागेल, ते जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून.

प्रश्न : पनवेल तालुक्यात आमची दोन एकर जमीन ‘नैना’च्या (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे अधिसूचित क्षेत्र) टी.पी. स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, आहे. ६० टक्के जमीन घेऊन ४० टक्केच परत देणार. याला भूसंपादन म्हणायचे की लूट? विरोध करावा का?
— एक शेतकरी

उत्तर : काका, राग समजतो. दोन एकरांचे बत्तीस गुंठे होणार हे ऐकून कोणाचेही मन खट्टू होईल. पण हे भूसंपादनापेक्षा वेगळे आहे. संपादनात जमीन जाते आणि मोबदला येतो. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, रस्ते, मैदाने, शाळा यांच्या जागा काढतात आणि उरलेल्या जागेतून प्रत्येकाला रस्त्याला लागलेला, नीट आकाराचा अंतिम भूखंड परत देतात. आपल्याकडे ही पद्धत १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. मालकी तुमच्याकडेच राहते आणि वाढलेली किंमतही तुम्हाला मिळते. पुण्यात हडपसरला शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. तिथे ते शेतकऱ्यांनी स्वतः ठरवले, इथे प्राधिकरण ठरवते. तुमच्या मनातली अढी बहुधा इथली आहे आणि ती मला रास्त वाटते. ४० टक्के हा वाटा कमी आहे, असे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पण नुसत्या मोर्चाने तुमच्या सर्व्हे नंबरचा प्रश्न सुटणार नाही. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की ३० दिवसांत हरकत घेता येते. पुढे लवाद नेमला जातो आणि तो प्रत्येक मालकाला ऐकतो. दोन्ही वेळा लेखी द्या आणि पोचपावती घ्या. लिहायचे काय? तुमचा अंतिम भूखंड मूळ जमिनीपासून किती लांब दिला आहे, त्याला किती रुंदीचा रस्ता लागतो, त्यावर उच्चदाब वाहिनी किंवा नाला येतो का, विहीर आणि घर वाचते का, विकास शुल्काचा हिशेब कसा लावला आहे. जमीन भावांत सामाईक असेल तर वाटण्या आधी करून घ्या, नाहीतर एकच भूखंड सगळ्यांच्या नावे मिळेल आणि पुढची पिढी त्यावर भांडेल. विरोध संघटनेतून जरूर करा. हरकतीचा अर्ज मात्र स्वतःच्या नावाने स्वतंत्र द्या.

प्रश्न : नगरपरिषदेने दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचा नकाशा मंजूर केला. पैशाअभावी काम सुरूच झाले नाही. आता सुरू करू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी परवानगी जिवंत आहे का ते पाहा. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष टिकते. वर्षावर्षाने मुदतवाढ मिळते, पण ती वाढ एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त होत नाही. मुदतवाढ घेतलेली नसेल आणि जोत्यापर्यंतही काम झाले नसेल तर आज खोदाई करू नका, ते विनापरवाना ठरेल. मूळ परवानगीचा आदेश घेऊन नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जा आणि नूतनीकरण होते की नवा अर्ज करावा लागेल ते लेखी विचारा. नवा अर्ज करावा लागला तर नकाशा आजच्या नियमांप्रमाणे तपासून घ्या. मंजुरी हातात आल्यावर पहिला हप्ता गवंड्याला द्या.